निजलेली वरकस

काशीरामला खोटं बोलता येत नसे, आणि ही खोड त्याच्या बापालाही होती. दहिसर नदीच्या वरच्या अंगाला, चिंचेच्या पाड्यात, लोक त्याबद्दल त्याचा मान राखत आणि पाठीमागं हसतही. बाजारात म्हैस विकायला नेली तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच हा सांगायचा, की ती धार काढताना लाथ मारते. शेवंतीनं अशा माणसाचा संसार तीस वर्षं केला होता. म्हैस परत आली तर पुन्हा लाथा खात धार काढायची, एवढंच तिचं नुकसान होई. पण त्या पौषात कारकुनापुढं तो जे खरं बोलला, त्यानं घराची मुळं हलली.

कूळकायद्याच्या चौकशीला कारकून आला तो चांगलं ऊन वर आल्यावर. पायांत बूट, बगलेत फायली, आणि मागं नंदकिशोर शेठचा दिवाणजी छत्री धरून. सगळा डोंगरउतार आणि खालची भातखाचरं शेठच्या नावावर होती. शेठ कांदिवलीला राहायचा, पाड्यात वर्षातून एकदा यायचा. आता कायदा आला होता, जो कसतो त्याची जमीन. काशीरामची चार खाचरं बिनबोभाट लिहून झाली. धसकटं पायाखालीच होती, ती कोण नाकारणार? मग कारकुनानं मान वर करून डोंगराकडं पाहिलं.

"हे वरचं कोणाकडे?"

"माझ्याकडंच, सायेब. आमची वरकस हाय ती."

"यंदा काय पीक घेतलंस?"

"यंदा काय नाय."

"गेल्या वर्षी?"

"गेल्या साली पन नाय. तीन सालं झाली. ती निजलेय."

दिवाणजी हसला. कारकून हसला नाही, तो लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं रीतीप्रमाणं वाचून दाखवलं, "झाडझाडोरा व गवत. तीन वर्षे पडीक. कुळाची वहिवाट दिसत नाही." काशीरामनं ऐकून मान हलवली. झाडं होती, गवत होतं, तीन वर्षंही खरी होती. त्यानं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर ठेवला.

शेवंती पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन बाजूला उभी होती. निजलेयच्या पुढं अजून बरंच सांगायचं राहिलंय, हे तिला कळत होतं. अजून दोन सालांनी ती जागी होईल, मग पहिल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरी, तिसऱ्या साली तीळ, आणि पुन्हा नीज. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. पण बाईमाणसानं सरकारी माणसाच्या बोलण्यात तोंड घालायची रीत नव्हती, आणि काशीराम तर अंगठा पुसत होता. कारकुनानं तांब्या वर धरून पाण्याची धार घशात सोडली आणि गूळ न घेताच तो निघाला.

त्या दिवसापासून शेवंती नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागली.

तिचं माहेर भांडुपच्या खाडीकडचं. बाप मिठागरावर फळी ओढायचा. तिकडं जमीन म्हणजे सपाट, एक तर मीठ नाहीतर चिखल. लग्न होऊन आली तेव्हा घरामागचा तो चढ बघून ती त्याला डोंगर म्हणाली, तर जावा हसल्या. म्हणून दुसऱ्या खेपेला ती माळ म्हणाली. सासू कवळ तोडत होती, तिनं हातातला कोयता खाली ठेवला.

"माळाला कोन नसतं, पोरी," ती बोलली. "गुरं येतात, चरतात, निघून जातात. ही वरकस हाय. हिला खाली खाचर हाय. खाचराला लागतं ते ही देते, हिला लागतं ते आपून देतो. माळ बोलू नको हिला."

सासूनं याच्यापलीकडं काही समजावलं नाही. पुढचं शेवंतीला मानेनं आणि कमरेनं शिकवलं. माघात ऐनावर, किंजळीवर चढायचं, कोवळ्या फांद्या तेवढ्या कोयत्यानं उतरायच्या, शेंडा राखायचा. या फांद्या म्हणजे कवळ. भारे बांधून, डोक्यावर चुंबळ ठेवून ते खाली आणायचे. रोपं करायचा खाचराचा जो तुकडा, त्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर वाळलं कवळ, त्यावर गवत, वर मातीचा हात. वैशाखात ते पेटवायचं. हा राब. राबाच्या राखेत भाताचं बी टाकलं की रोप हिरवं काळं, दाट येतं. राब नसेल तर तण आधी येतं आणि रोप पिवळं, केविलवाणं. खाचर कितीही चांगलं असो, वरकस नाही तर खाचर नाही. म्हणून वरकसच्या ऐनाला पाड्यात कोणी बुंध्यापासून हात लावत नसे. फांदी घ्यायची, झाड ठेवायचं. एकेका झाडाचा अंगभर गाठी झालेला बुंधा चार पिढ्यांच्या कोयत्याखाली वाढलेला होता.

आता शेठला त्या चढाचं काय करायचं होतं, ते कानांनाच कळत होतं. पलीकडच्या डोंगराला सुरुंग लागले होते. दुपारी दोनदा धडाड आवाज व्हायचा आणि घरातली भांडी फळीवर हलायची. मुंबईत इमारती वाढत होत्या, रस्ते वाढत होते, त्यांना खडी लागत होती. फाल्गुनात दिवाणजी दोन माणसं घेऊन आला आणि त्यानं वरकसभर चुन्यानं रंगवलेले दगड पुरले. गाडी चढेल एवढी वाट करायला त्यांनी करवंदीच्या जाळ्याही उपटल्या. काशीराम खालून बघत राहिला. अंगठा देऊन बसलेला माणूस काय बोलणार?

त्याच आठवड्यात शेजारची रुक्मिणी पेढे घेऊन आली. तिच्या घरची वरकस यांच्याला लागूनच. त्या साली तिच्यावर नाचणीची पाळी होती. कारकून आला तेव्हा खळ्यात नाचणीच्या कणसांचा ढीग पडलेला. त्यानं "नाचणी" असा एक शब्द लिहिला आणि काम झालं. जागेचा कागद त्यांच्या नावानं निघाला.

"माझं काय शानपन नाय गं," रुक्मिणी बोलली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "आमची पाळी व्हती, तुमची निजेची व्हती. हाय काय त्यात?"

शेवंतीनं पेढा कपाळाला लावला आणि फळीवर ठेवून दिला. तो तिच्या घशाखाली उतरला नसता. रुक्मिणी गेल्यावर ती चुलीपुढं बसून रडली, आणि रडता रडता तिला राग आला तो शेठचा नाही, कारकुनाचा नाही, काशीरामचा. एक शब्द. नाचणी म्हणाला असता तर काय जीभ झडली असती?

रविवारी काशीरामचा धाकटा भाऊ आला. त्याला सगळे भाऊच म्हणत. तो भांडुपला कारखान्यात होता. कारखान्यात राहून त्याला अर्ज, तारखा, साहेब यांची भाषा कळू लागली होती. त्यानंच कोणाकडून तरी अपील लिहून घेतलं होतं आणि उत्तरही तोच घेऊन आला होता. वैशाखाच्या शेवटी वरचे साहेब स्वतः जागेवर येऊन बघणार होते.

"आता नीट आयका," भाऊ बोलला. तो पडवीत बसून सुकट-भाकर खात होता. "पयल्या कागदावर काय हाय? झाडझाडोरा. पडीक. सायेब येईल तवा ते दोन्ही दिसता कामा नयेत. रुक्मिनीला कागद कशानं भेटला? नाचनीनं. मंग आपुन पन रान साफ करायचं. भाजून काढायचं. नाचनी उगवली नसंल तरी कसतात हे तर दिसंल."

"तिची दोन सालं ऱ्हायलीत," काशीराम बोलला.

"कोनाची?"

"वरकसची."

"दादा, दोन सालांनी तिथं खडी फुटंल. मंग निजू दे तिला."

काशीरामनं डोंगराकडं पाहिलं. मग म्हणाला, "नाचनीचा तुकडा साफ करू. झाडं कशाला?"

"झाडं दिसली का जंगल लिवतात. पयल्यानं काय लिवलं? झाडझाडोरा. वाचता नाय येत, पन आयकलं तर व्हतंस ना?"

हे लागलं. धाकट्या भावानं मोठ्याला, त्याच्याच पडवीत, बायकोदेखत. काशीरामनं पंचा उचलून खांद्यावर टाकला आणि तो म्हशीकडं गेला. भाऊ शेवंतीकडं वळला, "वयनी, तुमीच मनावर घ्या. दादाच्यानं व्हनार नाय."

शेवंतीनं मनावर घेतलं.

माघातलं कवळ तोडून, वाळून पडलं होतंच, म्हणजे यंदाच्या राबाची काळजी नव्हती. पुढच्या सालाचं पुढं बघू, असं ती स्वतःला सांगत होती. जागा राहिली तर सगळं राहील. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी थापून तिनं कुऱ्हाड घेतली आणि नवऱ्याकडं न बघता ती चढू लागली. मागून काशीरामच्या पावलांचा आवाज आला. तो आला नसता तर तिला एकटीला चढायचं बळ राहिलं नसतं, पण हे ती बोलली नाही.

अकरा दिवस ते तोडत होते. चैत्रातलं ऊन, वर सावली नाही, कारण सावलीच तोडायची होती. आधी कुडा गेला, पळस गेला, करवंदी गेली. काट्यांनी शेवंतीच्या पोटऱ्या सोलून निघाल्या. खाजकुईलीच्या शेंगांची लव तिच्या मानेला लागली आणि दोन दिवस मान भाजत राहिली, तिनं शेण फासलं आणि काम धरलं. मग किंजळी. किंजळीचं लाकूड चिवट, कुऱ्हाड अडकून बसते, काढायला पाय रोवावा लागतो. काशीराम घाव घालताना तोंडानं हुं करायचा. त्याला दमा नव्हता, पण त्या अकरा दिवसांत त्याचा श्वास घरघरू लागला. दुपारी दोघं एकमेकांकडं पाठ करून भाकर खात. पलीकडं सुरुंग उडाला की खांद्यावरची माशी उडवावी तशी दोघांची मान एकदम हले, आणि पुन्हा घाव सुरू होत.

शेवटी चढाच्या मध्यावरचा ऐन राहिला. तो सगळ्यांत जुना. त्याच्या आडव्या फांदीला काशीरामचा बाप पाण्याचं मडकं टांगायचा. त्या फांदीला सुंभ घासून घासून खळगा पडला होता. काशीरामनं कुऱ्हाड उचलली, खाली केली, पुन्हा उचलली. मग तो बाजूला जाऊन दगडावर बसला.

"ह्यो राहू दे," तो म्हणाला.

"एक राहिला तरी झाड दिसंल."

"दिसू दे एक."

"तुमी खरं सांगून बसलात म्हनून हे करावं लागतंय," शेवंती म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं ते तोंडावर म्हटलं. काशीरामनं ऐकून घेतलं. तिनं त्याच्या हातातून कुऱ्हाड घेतली. ऐनाची साल जाड, भेगाळलेली. पहिले चार घाव सालीतच गेले, पाचव्याला आतलं तांबूस लाकूड दिसलं. सूर्य कलेपर्यंत ती घाव घालत राहिली. तळहाताचे फोड फुटून दांडा चिकट झाला. झाड पडलं तेव्हा आवाज मोठा झाला नाही. पानं आधीच उतरलेली होती, आवाज करायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

वैशाखात दोन आगी लागल्या. एक खाली, राबाची. ती नेहमीप्रमाणं वाऱ्याच्या उलट्या अंगानं लावली, म्हणजे आग धावत नाही, चरत चरत जाते आणि माती नीट भाजते. दुसरी वर, तोडलेल्या रानाची. ती मात्र धावली. दुपारभर डोंगर धुरात होता. पाड्यातली माणसं दारात येऊन बघत होती. रुक्मिणीनं तेवढं कुंपणापाशी येऊन विचारलं, "ऐन पन गं?" शेवंतीनं मान हलवली. रुक्मिणी आत निघून गेली.

साहेब यायच्या आदल्या दिवशी भाऊ रजा टाकून आला. त्यानं वर जाऊन काळा झालेला चढ बघितला आणि खूष झाला. पण खाली येता येता त्याच्या मनात एक कीड शिरली.

"ऐनाची लाकडं तोडायला परवानगी लागते म्हनतात," तो म्हणाला. "शेठ त्यावर बोट ठेवील. मंग असं करायचं. कोनी इचारलं तर सांगायचं, शेठच्या मानसांनी तोडली. गाडीवाट करायला आलेली ना ती? दगड पन पुरलेत त्यांनी. कोन खोटं म्हनील? आमी फकस्त पालापाचोळा भाजला."

"दादा बोलनार नाय असं," शेवंती म्हणाली.

"दादाला बोलवायचंच नाय. दादा गप बसंल. वयनी, तुमी बोला."

त्या संध्याकाळी भांडी घासताना ती ते वाक्य मनात म्हणत होती. शेठच्या मानसांनी तोडली, सायेब. शेठच्या मानसांनी. राखेनं घासलेल्या टोपात तिचं तोंड दिसत होतं. तिला ते वाक्य चांगलं जमलं.

साहेब जीपमधून आले. पन्नाशीचे, डोक्यावर सोला टोपी, पायांत साध्या वहाणा. शेठही आला होता, पांढरं धोतर वर धरून, आणि दिवाणजी होताच. साहेब आधी वर गेलेच नाहीत, आणि राबाच्या तुकड्यापासून चढ घराआड येत होता. खाचराच्या बांधावर उभे राहून त्यांनी भाजलेला तुकडा पाहिला, खाली वाकले, दोन बोटांनी राख उचलून चोळली.

"राब नीट भाजलाय," ते म्हणाले. "माझ्या आजोळी भाजायचे. कोणी केला हा?"

"वयनीनं," भाऊ घाईनं पुढं आला. "माझ्या वयनीला इचारा सायेब, तिला सगळं ठाव हाय."

साहेबांनी शेवंतीकडं पाहिलं. "बाई, कवळ कुठून आणता?"

"वरकसवरून."

"वरकस म्हणजे काय? कायद्यात काय लिहिलंय ते मला माहीत आहे. तुम्ही काय म्हणता, ते सांगा."

 शेवंतीनं पदर खांद्यावरून घट्ट ओढला. आणि मग ती बोलू लागली. पौषात जिभेवर राहिलेलं सगळं निघालं. नाचणी, वरी, तीळ, मग नीज. नीज म्हणजे टाकून देणं नाही. बाळंतीण काय टाकलेली असते? माघात फांदी घ्यायची, शेंडा राखायचा. माळाला कोणी नसतं, वरकसला खाचर असतं. खाचराला लागतं ते ही देते, हिला लागतं ते आपण देतो. सासूचे शब्द तिच्या तोंडून जसेच्या तसे येत होते. काशीराम तिच्याकडं बघत होता. साहेब लिहीत होते, एका ठिकाणी त्यांनी "हळू" म्हटलं, म्हणून ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

लिहून झाल्यावर साहेब शेठकडं वळले. "याला पडीक म्हणता यायचं नाही, शेठ. पहिल्या पाहणीत चूक झालीय. दरसाल पीक दाखवायलाच हवं असं नाही. भाताच्या राबासाठी राखलेलं रान खाचराबरोबर कुळाकडे जातं. झाडं राखलेली असली की झालं. चला, वर बघून घेऊ आणि कागद पुरा करू."

झाडं राखलेली असली की झालं. शेवंतीनं ते ऐकलं आणि भाऊकडं पाहिलं. भाऊचा चेहरा पांढराफटक पडला होता. काशीरामनं डोळे मिटून घेतले.

शेवंतीनं पाण्याचा हंडा कमरेवर घेतला आणि सगळे चढू लागले. साहेब पुढं होते. पहिल्या वळणावर ते थांबले. वरपर्यंत काळा चढ, त्यात खुंट. कुठं हातभर, कुठं वीतभर. चुन्याचे दगड धुरानं करपलेले. मध्यावर जुन्या ऐनाचा खुंट, कापलेल्या तोंडाशी जळून कोळसा झालेला, खाली मात्र अजून तांबूस.

"झाडं कुठायत?" साहेबांनी विचारलं.

 दिवाणजीला तोंड उघडायचं होतं, शेठनं त्याच्या दंडाला हात लावला.

"कोणी तोडली?"

भाऊनं शेवंतीकडं पाहिलं. वाक्य तयार होतं. ते खपण्यासारखंही होतं. वाट कोरलेली होती, दगड पुरलेले होते, साहेबांनाही ते खरं असावंसं वाटत होतं. ते तसेच तिच्याकडं बघत होते, पेन टेकवून. शेवंतीनं तोंड उघडलं. समोर ऐनाचा खुंट होता आणि त्याच्या सालीत पहिले चार घाव दिसत होते, वरवरचे, वेडेवाकडे, बाईमाणसाच्या हाताचे. ज्याला कुऱ्हाड येते त्याचे घाव असे पडत नाहीत. हे साहेबाला कळलं नसतं. पण तिला कळत होतं, आणि काशीरामला. आताच तर ती बोलली होती, खाचराला लागतं ते ही देते. त्याच तोंडानं पुढचं वाक्य निघेना.

"आमी," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"आमी तोडली, सायेब. ह्यो ऐन मी तोडला. ह्यांचा हात व्हईना."

"का?"

"पयल्या कागदावर झाडझाडोरा लिवलं व्हतं. म्हनून."

साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी राखलेलं रान लिहिणार होतो. आता राखलेलं काय आहे इथं? मला दिसतं ते लिहावं लागतं."

त्यांनी लिहिलं आणि रीतीप्रमाणं वाचलं. "झाडे तोडलेली. पीक नाही. मोकळा माळ." काशीरामनं अंगठा दिला. चार खाचरं त्याची राहिली. चढ शेठचा झाला. शेठ उतरून गेला, त्याला बोलायची गरजच पडली नव्हती.

भाऊ तसाच स्टेशनकडं निघून गेला, जेवायलाही थांबला नाही. "एक वाक्य व्हतं वयनी," एवढंच तो म्हणाला.

साहेबांसाठी वर नेलेला पाण्याचा हंडा शेवंतीच्या कमरेवर भरलेलाच होता. उतरणीला तिचा पाय घसरला. काशीराम थांबला, त्यानं तिच्या कमरेवरून हंडा काढून आपल्या खांद्यावर घेतला. पाड्यात पुरुषानं बायकोचा हंडा घेतलेला कोणी पाहिला नव्हता.

"शेवंते," तो पुढं बघत म्हणाला, "तू पन म्हशीची लाथ सांगतलीस."

तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. ती वाटेतच खाली बसली, तोंडात पदर कोंबून. काशीराम हंडा खांद्यावर घेऊन ती उठेपर्यंत उभा राहिला. पाच महिने ती ज्याच्यावर राग धरून होती तो हा माणूस होता, आणि तो किती एकटा पडला असेल हे तिला तेव्हा कळलं. उठल्यावर ती म्हणाली, "भाकर खाल्ली नाय तुमी सकाळपासून." त्यानं नाही म्हटलं. मग दोघं घरी आले आणि जेवले.

त्या सालचं भात चांगलं आलं, राब होता म्हणून. पुढचा माघ आला तेव्हा शेवंतीनं सवयीनं कोयत्याला धार लावली आणि धार लावून झाल्यावर तो पुन्हा आढ्याला खोवला. कवळ नव्हतं. ती आणि काशीराम टोपल्या घेऊन सडकेकडेच्या झाडांखालचा पातेरा गोळा करायला जाऊ लागले. दिवसभर वेचून जेमतेम दोन भारे होत. रुक्मिणीनं आपल्या वरकसवरचं थोडं कवळ देऊ केलं. ते घेताना शेवंतीची मान वर झाली नाही. तेवढ्यानं चारातलं एकच खाचर होणार होतं.

एका सकाळी दोघं टोपल्या घेऊन चढाच्या पायथ्यानं चालले होते. वर कुंपण घातलेलं होतं. सुरुंगाचं काम अजून सुरू व्हायचं होतं. तोडलेल्या ऐनांना खुंटापासून फूट आली होती, वीत-वीतभर, तांबूस कोवळी. ऐन असा लवकर मरत नाही. रखवालदाराच्या दोन शेळ्या एका खुंटावर पुढचे पाय ठेवून ती फूट खात होत्या. शेवंती थांबली. शेळीला हाकलायला तिचा हात उठला, आणि मध्येच राहिला.

रखवालदार उत्तरेकडचा म्हातारा होता, एकटा पडलेला, कोणाशीही बोलायला उत्सुक. तो कुंपणापाशी आला.

"मौसी, शेठ का आदमी बोर्ड लिखवा रहा है. इस जगह को आप लोग क्या बोलते हैं?"

काशीराम खाली मान घालून उभा होता. शेवंतीनं वर पाहिलं. चढ, खुंट, शेळ्या. तीस वर्षांपूर्वी इथंच सासूनं कोयता खाली ठेवला होता.

"माळ," ती म्हणाली. "माळ बोलतात."

काशीरामनं तिच्याकडं पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. त्यानं टोपली उचलून तिच्या डोक्यावर दिली, आणि ती सडकेकडं चालू लागली.